पुलावरचा घास

टक्कन झाकण उघडलं. दुपारची सगळी बिल्डिंग चिडीचूप असताना तो एवढासा आवाज निशिगंधाच्या अंगावर काटा आणून गेला.

तिने मान वळवली. पाच वर्षांची मिनल गादीवर उठून बसली होती आणि तिच्या हातात आजीची मिश्रीची डबी होती, रिकामी. पत्र सांगायला बसलं की सासूबाई आधी ती डबी उघडायच्या, दातांवरून बोट फिरवायच्या आणि मग म्हणायच्या, "लिही गो." त्यांचा धाकटा मुलगा अभिनव शिकायला जर्मनीला गेला तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी हे ठरलेलं. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शब्द त्यांचे, अक्षर सुनेचं.

म्हणूनच पुढचं सोपं गेलं. पौषात सासूबाई गेल्या आणि निशिगंधाच्या नवऱ्याने, काशीनाथने, घरातल्यांना बजावलं, की अभीची परीक्षा जुलैत आहे, तोवर त्याला काही कळता कामा नये. पत्रं मात्र थांबवून चालणार नव्हतं. मग मिनल झोपली की मिळेल तेवढ्या वेळात निशिगंधा सासूबाई व्हायची. गुडघे बरे आहेत. मिनल पाढे म्हणते. तू वेळेवर जेव. तुझी आई.

मिनलला तिने थोपटून परत आडवं केलं आणि सकाळी आलेलं पाकीट उघडलं.

कळवलं होतं तसा शनिवार-रविवार प्रागला जाऊन आलो, अभीने लिहिलं होतं. एकटाच. दोन दिवस नुसता पायी फिरलो. सगळं गावच दगडी, गल्ल्या अशा की गेलो त्याच वाटेने परत येईन याची खात्री नाही. घड्याळाचे ठोके पडले की खिडकीतून बाहुले एकामागून एक पुढे येतात आणि आत जातात. नदीवर सहाशे वर्षांचा पूल आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना साधूसंतांचे काळे पुतळे. संध्याकाळी आपल्या केबिन रोडला भाजीला जेवढी माणसं, तेवढे पुतळेच, आणि भाव करणारं कोणी नाही. निशिगंधा स्वतःशीच हसली. हे वाक्य सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं असतं.

तिने पान उलटलं.

"आई, तू लिहिलंस तसंच केलं. बारा वाजता पुलाच्या मधोमध दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो, पावातला पहिला घास तुझं नाव घेऊन कठड्यावर ठेवला आणि बाटलीतलं पाणी त्याच्याभोवती फिरवलं. लोक बघत होते. मागे वळून बघू नको म्हणाली होतीस, पण मी बघितलं, रागावू नको. कावळा आला होता. इथले कावळे काळेभोर असतात गं, हा मात्र आपल्या खिडकीवर येतो तसा, करड्या मानेचा. घास उचलला आणि गेला. फोटो पाठवतोय. आता हे कसलं व्रत ते तरी सांग. आणि वहिनीला एवढं दमवू नको, शेवटच्या ओळींत तिचं अक्षर फार हललंय."

निशिगंधाने ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

तिने असं काही लिहिलं नव्हतं. स्वेटर घाल, पासपोर्ट जपून ठेव, एवढं लिहिलेलं तिला पक्कं आठवत होतं. मागचं पत्र लिहिलं त्या दुपारी मिनलच्या तापाने रात्रभर जागरण झालेलं. लिहितालिहिताच डोळा लागला होता. जाग आली तेव्हा परदेशी टपालाचा निळा कागद तळापर्यंत भरलेला होता. मिनल चुळबुळ करत होती. वाचायला सवड कुठली, तिने तो तसाच चिकटवला आणि पेटीत टाकला.

पाकिटातून फोटो निघाला. दगडी कठडा, एका पुतळ्याचा पाय, खाली धुकं. कठड्यावर कावळा, चोचीत पाव.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवून ते तीन तास उन्हात बसले होते. समोरच्या भिंतीवर कावळ्यांची रांग, खाली एकही उतरेना. काशीनाथने हात जोडून काय काय कबूल केलं. गावच्या घराचं छप्पर शाकारू, मिनलला खूप शिकवू. अभीचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नाही. नाव घेतलं असतं तर त्याला कळवावं लागलं असतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि सगळे खाली मान घालून घरी आले.

तिने नवा निळा कागद काढला. जुलैत अभीला सांगावं लागणारच होतं, आणि तेव्हा ते पत्र त्याच्या हातात असणार होतं, तिच्या अक्षरातलं. आज काहीतरी उत्तर जायला हवं होतं. चि. अभी यास, अनेक आशीर्वाद. एवढं लिहून ती थांबली. एरवी इथून पुढे हात आपोआप चालायचा. सासूबाईंचं बोलणं, त्यांचे टोमणे, मधेच गावची आठवण, काही शोधावं लागायचं नाही. आज कागदावर पेन टेकवून ती बसून राहिली. टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मिनल कधी जवळ येऊन बसली, कळलं नाही. तिने फोटो उचलला, कावळ्यावर बोट ठेवलं. "ह्याने खाल्लं," ती म्हणाली.

मग तिने डबी कागदाशेजारी ठेवली आणि आजी उघडायची तशी अंगठ्याने उघडली. टक्. पंखा फिरत होता. कागदाचा एक कोपरा उचलला गेला, परत पडला.

मिनलने आईच्या मागच्या, भिंतीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग आईकडे.

"आई, आता आजी पत्र सांगायला येणार नाही?"