उसना गडी

अठराशे चौऱ्याण्णव साली आयोवातल्या आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ ओळीनं सहा सामने हरला. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ. सातव्याला पाहुण्यांचा एक गडी आजारी पडला, तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना आमचा राखीव गडी ऑरिन उसना दिला. तो वर्षभर बाकावर बसून होता. खेळायला मिळणार म्हणून हरखला.

मी कॅप्टन. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "हे बघ, चेंडू हातात आला की सोडून द्यायचा. कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या?" तो हसत म्हणाला.

पण त्यानं माझं ऐकलं. अख्ख्या गावासमोर तीनदा चेंडू सोडला, आणि आम्ही जिंकलो.

नाताळाआधी संघ बघणाऱ्या प्राध्यापकांनी खेळाडूंना कॉलेजचं अक्षर विणलेले मानाचे स्वेटर वाटले. शेवटी एक उरला.

"ऑरिनला कशाला?" प्राध्यापक म्हणाले. "त्याच्या हातात चेंडू टिकत नाही, साऱ्या गावानं बघितलंय."

हशा पिकला. ऑरिननं माझ्याकडे बघितलं.



मीही हसलो.