कडी निवेपर्यंत

मूर्ती सुकवायच्या खोलीच्या कडीला बाबाजींनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"नूतन, आत हीटर चालू हाय गो."

"नाय बाबा," सून ताटावरूनच म्हणाली. "जेवायला बसताना कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बंद केला मी. तो संपला की हीटर आपोआप विझतो."

"मग कडीला काय ताप आलाय?"

आतून बारीकसा आवाज आला. कट्.

नूतन ताट सरकवून धावली. मेन स्विच खाली पाडला आणि खरकट्या हातानं दाराकडे वळली. बाबाजी दारात आडवे उभे.

"उघडू नको. ओली हवा एकदम आत शिरली तर उरलेल्या पण तडकतील. दमानं निवू दे."

दोघं बंद दारासमोर खाली बसली. आत शाडूचे गणपती होते, घराचं अख्खं वर्ष.

"रितेशला फोन करू?"

"पेणच्या बाजारातनं माझा लेक काय फुंकर घालणार हाय?"

कट्.

बाबाजींनी डोळे मिटले. "येवढा तुझा शहाणा प्रोग्राम, जाताना हीटर विझवायला इसरला?"

"इसरला नाय. विझवायचं काम मीच त्याच्या जाण्याच्या घडीवर ठेवलं होतं." नूतन दाराकडे बघतच बोलली. "संपताना त्याचं सगळंच आवरत जातं. हीटरकडे निरोप नेणारा भाग आधीच आवरला गेला. मग विझव म्हणून सांगणार कुणाच्या हाती?"

"बोंब तरी मारायची."

"बोंब मारणारा पण गेलेला, बाबा. आधी हीटर विझवायचा, मग प्रोग्राम. येवढंच होतं. मला वाटलं, शेवटी होईलच."

मांडीवर बाबाजींचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला.

समोरच्या फळीवर रंगवलेले गणपती ओळीनं बसले होते, डोळ्यांवाचून. डोळ्यांची आखणी या घरात बाबाजींशिवाय कुणी करत नसे. नूतननं दर वर्षी विचारायचं आणि त्यांनी म्हणायचं, "जाईन तेव्हा शिकवून जाईन. मला घालवायची घाई झाली काय?"

कडी अजून गरमच होती. बाबाजी उठले, फळीवरचा एक गणपती उचलून त्यांनी नूतनसमोर पाटावर ठेवला. कानामागचा बारीक ब्रश काढून पुढे धरला.

"आत्ता?" नूतन म्हणाली. "आत तडे जातायत आणि..."

"हात धुऊन ये."

ती आली. बाबाजी तिच्या मागे बसले. "आधी डावा डोळा. मनगट टेकव. श्वास धर."

ब्रशचं टोक मूर्तीला टेकलं आणि आतून आवाज आला. कट्.

नूतनचा हात हलला नाही.