सातवा आक्षेप

सातवा आक्षेप लिहिण्यासाठी कोशकारांनी लाल शाईचे पेन उघडले खरे. पण काय लिहावे, ते सुचेना.

समोर एकच चिठ्ठी होती. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या शेवटच्या खंडातले बाकीचे सारे शब्द छापून झाले होते. अडला होता तो 'व्हिम्ब्रेल' हा एक दुर्मिळ पक्षिवाचक शब्द. चिठ्ठीवर पत्नीचे रेखीव अक्षर होते. 'अर्थ : चिखलाळ किनाऱ्यांवर उतरणारा, लांब वाकड्या चोचीचा स्थलांतरी पक्षी. उपयोग : आज व्हिम्ब्रेल गेले; किनारा एकाएकी मोठा वाटू लागला.' वाक्य एका दीपगृह-रक्षकाच्या पत्रातले होते. बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती.

कोशाचा नियम कडक होता. एकाने चिठ्ठी लिहायची, दुसऱ्याने तपासायची. शंका आली तर पाठीमागे लाल शाईने आक्षेप नोंदवायचा, आणि त्याचे निरसन लिहिणाऱ्यानेच स्वहस्ते करायचे. त्यानंतर तपासणाऱ्याची सही झाल्याखेरीज चिठ्ठी छापखान्यात जात नसे. पती-पत्नींनी पस्तीस वर्षे हा नियम व्रतासारखा पाळला होता.

दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी हात टेकले आणि औषधे थांबवली. त्या संध्याकाळी पत्नी मुलीला सांगत होती, ते कोशकारांच्या कानी पडले : "एवढी एक चिठ्ठी हातावेगळी झाली, की मी सुटले बघ." तेव्हापासून कोशकारांना शंका येऊ लागल्या. उच्चाराविषयी, आकाराविषयी, पिसांच्या रंगाविषयी. दर आठवड्याला एक.

"बाबा, छापखान्यातून पुन्हा निरोप आलाय," मुलगी दारातून म्हणाली. "त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या अंगावर एखादं तरी पीस राहू द्या!"

कोशकारांनी घाईघाईने लिहिले, 'चोच वर वळलेली, की खाली?' आणि चिठ्ठी घेऊन ते आतल्या खोलीत गेले.

उशांना टेकून बसलेल्या पत्नीने ती वाचली. पुन्हा वाचली. मग तिला हसू आले, आणि हसता हसता धाप लागली.

"अहो, हे तर काल रुजू झालेला उमेदवारसुद्धा विचारणार नाही."

"शंका आली, ती लिहिली."

"शंका! चोच खाली वळते, हे मला शिकवलं कुणी? लग्न ठरायच्या आधी खाडीच्या काठी भर उन्हात तासभर उभं केलं होतंत. मला वाटलं, हा गृहस्थ आता काहीतरी गोड बोलेल. तर निघाली ती चोच."

कोशकार खिडकीबाहेर पाहू लागले.

"इकडे बघा," ती हळू आवाजात म्हणाली. "आधीच्या सहाही आक्षेपांची उत्तरं मला वाचता वाचताच ठाऊक होती. तरी दर वेळी आठवडा लावला. म्हटलं, तेवढ्यात तुमच्या मनाची तयारी होईल. ती काही होईना. पण आता माझ्याच्यानं थांबवत नाही हो."

कोशकारांनी तिच्या हाती पेन्सिल दिली आणि चिठ्ठीखाली एक पुस्तक धरले. 'खाली' एवढी दोन अक्षरे लिहायला तिला बराच वेळ लागला. मग तिने चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

कोशकारांनी सही केली. टिपकागद हाताशीच होता. तरी शाई आपली आपण वाळेपर्यंत ते चिठ्ठी धरून बसून राहिले.