एकोडीचा पत्ता

“भाऊ, मी कुठं आहे ते याच्यातून कोणाले दिसते काय?”

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. लाखनीतल्या त्या मोबाइलच्या दुकानात रिताला तेच दोनदा विचारावं लागलं. दुकानदार अनुपने फोन हातात घेतला.

“कोणाले म्हणजे?”

“माह्या नवऱ्याले.”

वरठीचं घर सोडून ती चार वर्षांच्या डिंपलला घेऊन एकोडीला आली होती, शाळेतल्या मैत्रिणीच्या आईकडे. ही मैत्रीण नवऱ्याला, भूपेंद्रला, ठाऊकसुद्धा नव्हती. त्याचे फोन ती उचलत नव्हती. आज सकाळी मात्र त्याचा मेसेज आला, ‘एकोडीचं पाणी पोरीले मानवलं काय?’ डिंपलला घरीच ठेवून ती लाखनीला आली.

अनुपने ब्राउझर उघडला. वरच्या कोपऱ्यात एक बारीकसा गोल फोटो होता. त्यावर बोट ठेवताच तो मोठा झाला. गॉगल लावलेला भूपेंद्र.

“फोन यांनीच घेऊन देला काय?”

“हाव. चालू करूनही त्यांनीच देला.”

“मग खातं त्यांचंच आहे, ताई. तुम्ही काय पाहता, कुठून पाहता, सगळं तिकडे जमा होऊन राहिलं. या ब्राउझरनं कधी लोकेशन विचारलं होतं काय?”

विचारलं होतं. एकोडीला आल्यावर डिंपलला ताप चढला होता आणि रिता जवळचा दवाखाना शोधत होती. पडद्यावर काहीतरी आलं. तिने ‘परवानगी द्या’ दाबलं. पोर कण्हत होती, वाचत कोण बसणार?

“बंद करून द्या, भाऊ.”

“करतो. पण आतापर्यंत गेलं ते पुसाले त्यांचा पासवर्ड लागते.”

त्याने खातं काढून टाकलं. फोन परत देणार तोच वाजला. एकोडीहून शकुनबाई, मैत्रिणीची आई.

“अवं, जवाई येऊन गेले,” शकुनबाईंचा आवाज हसरा होता. “मले सांगतलं काहून नाही? तूनंच पत्ता धाडला म्हणे. डिंपल तं पप्पा पप्पा करत गळ्यातच पडली.”

“ते... कुठं आहे ती?”

“गाडीवर बसवून नेलं. चॉकलेट घेऊन देतो म्हणे. पण लय वेळ झाला वं, आले नाही अजून.”

“कोण्या रस्त्यानं गेले, काकू?”

“आता बाई, मी चहा मांडत होती.”

रिताने भूपेंद्रला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

तिने फोन काउंटरवर अनुपपुढे सरकवला.

“ते आता कुठं आहेत, याच्यात दिसते काय?”

अनुपने फोनला हातही लावला नाही.

“नाही, ताई. त्यांले तुमचं दिसत होतं. तुम्हाले त्यांचं नाही दिसत.”