बंद न होणारी गाडी

राजाभाऊंनी किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली आणि ते गाडीतून उतरले. गाडी चालूच होती.

थोरल्या भावाच्या, अण्णांच्या घरापुढच्या खळ्यात ती लांबलचक परदेशी गाडी थरथरत उभी राहिली. मागच्या नळीतून काळा धूर निघून दोरीवरच्या धुण्याकडे चालला होता. लीलावहिनी लगबगीने बाहेर आल्या, त्यांनी आधी धुणं काढलं आणि मग म्हणाल्या, "आलात? बरं झालं. या."

मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीने विकायला काढलेली ही डिझेल गाडी राजाभाऊंनी मोठ्या हौसेने रत्नागिरीला आणली होती. आत मऊ गाद्या, लाकडी पट्ट्या, दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. पण गाडी जुनी, आणि इथली हवा खारी. तिचं एकेक दुखणं बाहेर पडू लागलं. सुरू करताना इंजिन तापवणारे हीटर प्लग जळले. तेव्हापासून घरी ती उतारावरच लावावी लागे. उतारावरून सोडली की धापा टाकत चालू व्हायची. आता नवीनच निघालं होतं. किल्ली फिरवली की डिझेल तोडायची जी व्यवस्था असते, तिच्यातली एक बारीक रबरी नळी चिरली होती. त्यामुळे गाडी बंदच होत नव्हती.

"नळी मुंबईहून यायचीय. ती आली की जाऊ," सकाळी ते कमलाबाईंना म्हणाले होते.

"तोवर अण्णाभावजी थांबतील?" कमलाबाईंनी विचारलं होतं.

मग दोघं नवराबायको निघाले. बागेची वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांच्या दारात गेले नव्हते. घरच्या लग्नकार्यातसुद्धा एक सकाळी जाऊन येई, दुसरा संध्याकाळी. गाडी चालू ठेवूनच भेटायचं आहे, फार वेळ बसता यायचं नाही, याचं राजाभाऊंना वाटेत जरा बरंच वाटलं होतं.

त्यांनी चाकांना दगड लावले. अण्णांचं घर खोलगट जागेत, तिन्ही बाजूंनी चढ. "मी बसते गाडीत," कमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही जा आत."

अण्णा खिडकीजवळच्या पलंगावर होते. हा दांडगा माणूस चादरीखाली एवढासा दिसत होता. इंजिनाच्या हादऱ्यांनी खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या किणकिणत होत्या.

राजाभाऊ पलंगापासून चार हात लांब उभे राहिले. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

अण्णा काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही. राजाभाऊ एक पाऊल पुढे झाले.

"बाहेर काय दळण चाललंय, म्हटलं."

"गाडी आहे."

"मग बंद कर की."

"होत नाही."

अण्णांनी मान वळवली. "होत नाही म्हणजे?"

राजाभाऊंनी सांगितलं. नळी कुठे असते, ती चिरली की काय होतं, मुंबईचा माणूस काय म्हणाला, रत्नागिरीच्या मिस्त्रीने सायकलच्या व्हॉल्व्हचं रबर चढवून बघितलं ते कसं वितळलं. अण्णा डोळे बारीक करून ऐकत होते. बागेतलं पाण्याचं इंजिन त्यांनी जन्मभर हाताने सांभाळलं होतं. मधे त्यांनी "हं" केलं, एकदा "इंधन तुटत नाही म्हण ना सरळ" असंही म्हणाले. इतकं बोलणं दोघांत कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"वरच्या गियरात घाल," अण्णा म्हणाले, "ब्रेक घट्ट दाब आणि क्लच सोड. मरेल."

"ते माहीत आहे. पण मग परत चालू व्हायची नाही. प्लग गेलेत. इथे उतारही नाही. वर चढावर न्यायची तर बैल जोडावे लागतील."

अण्णांना धाप लागली. लीलावहिनी उशी सारखी करायला पुढे झाल्या, पण अण्णांनी हातानेच त्यांना थांबवलं. थोड्या वेळाने श्वास खाली बसला.

"मग?" ते म्हणाले.

राजाभाऊंनी खिशातली किल्ली चाचपली. त्या किल्लीचा काही उपयोग नव्हता. बाहेर कमलाबाई काचेतून घराकडेच पाहत होत्या. त्यांनी खुणेनेच विचारलं, निघायचं?

राजाभाऊ खळ्यात आले. "उतर जरा," ते कमलाबाईंना म्हणाले.

"का? काय झालं?"

"काही नाही. उतर."

कमलाबाई उतरल्या. राजाभाऊ स्टिअरिंगपाशी बसले. गियर टाकला, पाय ब्रेकवर रोवला आणि क्लच सोडला. गाडी दगडांवर एकदा जोरात उसळली, सगळं अंग झाडल्यासारखी हादरली आणि गप्प झाली.

मग गाडीतली पिशवी उचलून कमलाबाई त्यांच्याआधीच आत गेल्या आणि लीलावहिनींबरोबर स्वयंपाकघरात दिसेनाशा झाल्या.

राजाभाऊ आत आले. आता अण्णांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. राजाभाऊंनी भिंतीकडची खुर्ची पुढे ओढली.

"ती नको," अण्णा म्हणाले. "डुगडुगते."

त्यांनी चादरीखालचे पाय हळूहळू खिडकीकडे सरकवून पलंगाच्या कडेला जागा केली.