पाचवा प्रश्न

चिठ्ठी हळूताईने तिसऱ्यांदा वाचली. ‘पाचव्या प्रश्नासंदर्भात शिस्त समितीपुढे उपस्थित राहावे. मंगळवार, सकाळी साडेअकरा.’ खाली गणिताच्या मॅडमची सही.

वाचनालयाच्या काउंटरवर एक आजोबा तीन पुस्तकं घेऊन उभे होते. तिने तिन्हींवर परतीची तारीख म्हणून कालचीच तारीख मारली.

“अहो, घरी नेण्याआधीच उशीर झाला की मला,” आजोबा म्हणाले.

ती हसली नाही. एरवी हसली असती.

अठरा वर्षं ती त्या काउंटरवर बसत होती आणि लोकांना ‘हळू बोला’ सांगत होती. त्यावरूनच तिला हळूताई नाव पडलं. आता ग्रंथपालाची जागा रिकामी होणार होती आणि ती तिलाच मिळणार होती, फक्त पदवी हवी होती. चाळिशी उलटल्यावर तिने कॉलेजात नाव घातलं. इतिहासाचे सगळे पेपर निघाले. उरला एकच, विज्ञान शाखेत नसलेल्यांसाठीचा कॅल्क्युलस. इतिहासवाल्यांना तो कशाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नियम होता.

वर्गात अडतीस जण. कुणी नाटकातलं, कुणी भाषांतरकार, तिच्या बाकावर एक नृत्यशिक्षिका. सगळ्यांची भीती मात्र एकच.

शेवटची परीक्षा घरी सोडवायची होती. सहा प्रश्न, एक आठवडा. पुस्तकं चालतील, माणसं चालणार नाहीत. शेवटच्या पानावर छापलं होतं: ‘ही उत्तरं मी कोणाच्याही मदतीशिवाय काढली आहेत.’ त्याखाली सही.

बाकीचे पाच प्रश्न तिने स्वतः सोडवले. रडतखडत, पण सोडवले. पाचव्याने मात्र दावा साधला. शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली. वरून ठरावीक वेगाने पाणी पडतंय. पाणी चार फुटांवर आलं की पातळी किती वेगाने चढत असेल? चार दिवस ती त्या टाकीभोवती फिरत होती.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. तिथे भावोजी, निवृत्त इंजिनिअर, पेपर वाचत बसले होते. तिच्या हातातला कागद त्यांनी स्वतःच ओढून घेतला.

“ही टाकी? अशा टाक्या मी झोपेत बांधल्यात.”

“भावोजी, नको. विचारायचं नाहीये कुणाला.”

“तू कुठे विचारलंस? मी सांगतोय.”

दहा मिनिटांत उत्तर तयार. तिने घरी येऊन ते आपल्या अक्षरात उतरवलं. सही करताना पेन क्षणभर अडलं. मग चाललं.

आणि आता ही चिठ्ठी.

सोमवारी तिने नृत्यशिक्षिकेला फोन लावला. “मला समितीपुढे बोलावलंय. पाचव्या प्रश्नावरून.”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. “पाचव्यावरूनच?”

“हो.”

“हे बघा ताई, कागदावर तुमच्याशिवाय कुणाचं अक्षर आहे का? नाही ना? मग मीच सोडवलं म्हणायचं. मान वर करून.”

“आणि पकडलं तर?”

“तोंड उघडलं तरच माणूस पकडला जातो.”

“तुम्हाला नाही ना आली चिठ्ठी?”

“मला जरा बाहेर जायचंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवऱ्याने विचारलं, “फार तर काय करतील?”

“नाव काढून टाकतील. पदवी गेली की जागा गेली. आणि वाचनालयात कळलं तर मी कुठल्या तोंडाने कुणाला काही सांगू?”

नवऱ्याने भाजीचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. तिच्या ताटातली पोळी तशीच राहिली.

मंगळवारी ती अकरालाच पोचली. बाहेरच्या बाकावर बसून तिने घोकलं: मीच सोडवलं, मीच सोडवलं. साडेअकराला दार उघडलं. गणिताच्या मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि हसल्या. त्या हसण्याकडे न बघता ती आत गेली.

आत आणखी दोघं होते. टेबलावर तिची उत्तरपत्रिका, पाचव्या प्रश्नाचं पान उघडलेलं, उत्तराभोवती लाल गोल.

अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, “घाबरू नका. हे उत्तर तुम्ही कसं काढलंत, तेवढं तुमच्या शब्दांत सांगा.”

घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण अठरा वर्षांत शेकडो लोकांनी तिला काउंटरवर सांगितलं होतं, ‘पान आधीपासूनच फाटलेलं होतं.’ ते सांगताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तो चेहरा आत्ता आपल्यावर येतोय, हे तिला जाणवलं.

“मी नाही काढलं,” ती म्हणाली.

मग थांबता येईना. रविवार, भावोजी, दहा मिनिटं, अडलेलं पेन, सगळं तिने सांगून टाकलं. “सही माझी आहे, उत्तर माझं नाही. काय शिक्षा असेल ती द्या.”

आठ दिवसांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला.

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. मॅडमनी चष्मा काढला.

“अहो, काय केलंत हे,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “बाकीच्या सदतीस जणांनी हे गणित एकाच ठिकाणाहून उतरवलंय, स्वल्पविरामासकट, आणि ते बरोबर आहे. एकट्या तुमचं चुकलंय. इतकी साधी चूक स्वतः सोडवणाराच करतो, असं या दोघांना पटवून मी तुम्हाला शाबासकी द्यायला बोलावलं होतं, वर्गातली एकुलती एक प्रामाणिक विद्यार्थिनी म्हणून.”