सातवा आकडा

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं सात आकडे लिहिलेले होते. सहा खोडलेले. सातवा, दोन लाख अकरा हजार, अजून तसाच होता. खालच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्यात पाचशेच्या चारशे बावीस नोटा होत्या. मृणालीनं त्या तिसऱ्यांदा मोजल्या.

"एक बी कमी न्हाय ना?" देवेशनं दारातून विचारलं.

"नाही."

आकडा लिहायची रीत या फ्लॅटमधल्या पहिल्या पाडव्यापासूनची. संध्याकाळी गुढी उतरवली की देवेश पेन घेऊन कपाटापुढे उभा राहायचा आणि पुढच्या मार्चपर्यंत घराच्या कर्जात हप्त्याच्या वर किती भरायचे, ते लिहायचा. हप्ता मृणालीच्या पगारातून जायचा. ती बी.एस्सी. होती, डाईंग कंपनीच्या लॅबमध्ये रंग तोलायची. पगार पक्का, म्हणून कर्जावर पहिलं नावही तिचंच. वरचे पैसे देवेशच्या ओव्हरटाइमचे. तो दुसऱ्याच्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागांवर, जॉबर होता. बिघडलेला लूम त्याच्या हातानंच सुरू व्हायचा.

कर्ज अठरा लाखांचं, मुदत वीस वर्षांची. जादा पैसे भरताना बँकेच्या अर्जावर दोन चौकोन असत: हप्ता कमी करायचा, की मुदत. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करत गेलं तर सातव्या वर्षी बाकी शून्य, हे गणित तिनंच सुरुवातीला वहीच्या पानावर मांडून दिलं होतं. ते पान देवेशच्या पाकिटात अजून होतं. घड्यांवर फाटलं, तेव्हा त्यानं त्याला चिकटपट्टी लावून घेतली होती.

दुसऱ्या वर्षी लूम बंद राहिले. त्या मार्चला मृणालीनं पाटल्या मोडल्या आणि आकडा खोडला. देवेश हे लूमवर येईल त्याला सांगायचा.

सासूबाई, आनंदीबाई, दर पाडव्याला एकच गोष्ट विचारायच्या.

"घराचं कागद कुठं हायेत गो?"

"बँकेत, आई."

"बरं हाय."

गावच्या, दिघाशीच्या जमिनीचे कागद त्यांच्या पेटीत असायचे. लग्नाआधी देवेशनं ते बारा लूमसाठी एका शेठकडे गहाण ठेवले. लूम आठ महिने चालले. जमिनीवर आता गोदाम आहे, आणि वज्रेश्वरीला जाताना बस तिथून पुढे सरकेपर्यंत आनंदीबाई दुसऱ्या खिडकीकडे बघतात.

या वेळी चोवीस लूम घ्यायचे होते. दलाल प्रितमनं शेड बघून ठेवली होती आणि पैसे देणारा शेठही. शेठला फक्त घराचे मूळ कागद हवे होते, सोमवारपर्यंत. मृणालीनं एकदा विचारलं होतं, नाही चालले तर? देवेश तिच्यावर चिडला नाही. म्हणाला, आयुष्यभर दुसऱ्याचेच लूम जुळवू काय? ती नोटांना रबर लावत बसली.

शुक्रवारी तो पहिल्यांदाच, तिला गाडीवर बसवून, तिच्याबरोबर बँकेत आला. एरवी त्याची शिफ्ट असायची. बँकेसमोर, धामणकर नाक्यापाशी प्रितम बाइकवर बसून वाटच बघत होता. हँडलला पेढ्यांची पिशवी.

"वहिनी, आज कागद घेऊनच बाहेर या. नाय तर पेढे मी एकटाच खानार."

मृणालीनं देवेशला सांगून पाहिलं की आत रांग असेल, गाडी उचलून नेतील, तुम्ही इथंच थांबा. त्यानं चावी प्रितमकडे टाकली आणि तिच्या मागोमाग आत आला.

रांगेत पाच माणसं होती. मृणालीनं अर्ज घेतला, पण भरला नाही. देवेश तिच्या खांद्याशी उभा होता. त्याच्या शर्टाला लूमच्या तेलाचा वास येत होता. तिनं नाव लिहिलं. कर्जाचा नंबर लिहिला. मग पेन थांबलं.

"लिव की," तो म्हणाला.

"पॅनची झेरॉक्स शोधते."

झेरॉक्स पर्समध्ये वरच होती. ती सापडेपर्यंत काउंटर आला. काउंटरवरची मनाली तिला सात वर्षांपासून ओळखत होती. तिनं देवेशकडे बघून मान हलवली आणि अर्ज पुढे ओढला.

"मृणालीताई, चौकोनात खूण राहिली बघा. नेहमीसारखंच ना?"

"नेहमीसारखंच," मृणाली म्हणाली.

नोटा मोजायचं यंत्र सुरू झालं. देवेशची नजर त्यावरच्या लाल आकड्यांवर खिळली. शंभर. दोनशे. तीनशे. मृणालीनं अर्ज जवळ घेतला, खूण केली, सही केली. यंत्र चारशे बावीसवर थांबलं.

"बरोबर," देवेश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यानं बाहीनं पुसलं आणि मनालीला विचारलं, "मॅडम, आता कागद कधी भेटतील? आजच?"

मनालीनं मृणालीकडे पाहिलं. मृणाली रिकाम्या डब्याचं झाकण लावत होती. झाकण पहिल्यांदा बसलं नाही.

पावती छापून झाली. मृणालीचा हात पुढे गेला, पण देवेशनं ती आधीच घेतली होती. पाकिटातलं चिकटपट्टीचं पान काढून त्यानं ते काउंटरवर पावतीशेजारी ठेवलं, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून ओळ जुळवायला लागला. पानावर शेवटी शून्य होतं.

पावतीवर होतं: पर्याय, हप्ता कमी. बाकी मुद्दल, चार लाख सात हजार सेहेचाळीस. मासिक हप्ता, चार हजार तीनशे वीस. उरलेले हप्ते, एकशे छप्पन्न.